रॉजर्सची पद्धत की सीबीटी?

फोंड्याची भाची विचारते, पणजीत दोन समुपदेशक सापडल्यात, एक मानवतावादी, म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पद्धतीची, दुसरी सीबीटीवाली, म्हणजे विचार तपासून ते आणि वागणं बदलायला शिकवणारी, कुणाकडे जाऊ?

सीबीटी बहुधा 12 ते 20 बैठकांत आटोपते, खर्चाचा अंदाज येतो. कार्ल रॉजर्सच्या पद्धतीला ठरावीक मुदत नसते; दर आठवड्याची कदंबा बसची फेरीही हिशेबात धर.

मेहनतीचं म्हणशील तर सीबीटीत गृहपाठ. 'साहेबांनी फोन उचलला नाही' ही घटना, 'मी नकोशी झाले' हा विचार, त्याचे पुरावे, सगळं वहीत. रॉजर्सकडे वही नाही, सल्लाही नाही (आपल्या लोकांना नेमकं तेच खटकतं!). रॉजर्सवाली निवाडा न करता ऐकते, तुझंच म्हणणं नेमकं करून तुझ्यापुढे ठेवते.

पॅनिक, फोबिया असेल तर सीबीटीच. सगळं ठीक असूनही 'हे मला हवं होतं की आईला?' असं वाटत असेल तर रॉजर्स.