पलटीचा जॅक, साडेअकरा हजार अन् मोरचूद

राम राम मंडळी. हे लिहिणार नव्हतो, फसल्याची दवंडी कोण पिटवून घेतंय, पण परवा शेजारच्या गावचा एक गडी मोटारसायकलला पलटी नांगराचा जॅक (तेलाच्या दाबानं नांगर उलटवणारा हायड्रॉलिक सिलिंडर) बांधून त्याच मिस्त्रीकडं निघालेला दिसला, त्याला अडवलं, चहा पाजून परत पाठवलं, तवा म्हणलं सगळ्यांनाच सांगून टाकावं. नाव कुणाचं घेत नाही. तालुक्याच्या गावचा मिस्त्री हाय एवढंच समजा.

माझ्याकडं जुना दोन फाळी पलटी नांगर हाय, चुलत्याकडून घेतलेला. मागच्या उन्हाळ्यात नांगरट झाली अन् लिंबाखाली सोडून दिला, अन् ते बी जॅकचा रॉड बाहेर निघालेला तसाच. ही चूक माझी, कबूल हाय. रॉड आत घेऊन ठेवायचा असतो, नाहीतर किमान ग्रीस थापून वरून प्लास्टिक गुंडाळायचं. चार महिने पाऊस खाल्ला, रॉड जिथून बाहेर येतो त्या तोंडाचं वायपर सील (पाणी-माती अडवणारं रबर) तर आधीच फाटलेलं, पाणी आत उतरलं अन् गंजानं रॉडच्या टोकाचा पिस्टन बाहेरच्या ट्यूबला धरला. एप्रिलात ज्वारी-हरभरा निघून रान मोकळं झालं, ५७५ ट्रॅक्टरला नांगर जोडला, डीसीव्हीचा (जॅककडं तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा ओढला तर इंजिनावर लोड येतोय, तेलाचा होज पाइप ताठ होतोय, पण नांगर काय पलटी मारंना. पहारीनं दाबलं, डिझेल ओतून रातभर ठेवलं, ढिम्म.

गावात सल्ले देणाऱ्याला तोटा नाही. एक जण म्हणला गॅसनं तापव, आपोआप सुटतो. बाबांनो, हे मात्र कुणी करू नका, तेल आत-बाहेर जायची दोन्ही होल बंद अन् आत तेल असंल तर तापल्यावर जॅक बाँबसारखा फुटतो. कंप्रेसरची हवा बी मारू नका, पिस्टन सुटला की गोळीवानी बाहेर येतो. मला मागून कळलं की एका होलला ग्रीस निपल बसवायचा, दुसरं होल उघडं ठेवायचं अन् साध्या ग्रीस गननं हळूहळू दाबत राहायचं, ग्रीसला हवेसारखी उसळी नसती म्हणून जरा बिनधोक पडतं, तरी बी रॉडच्या समोर उभं राहायचं नाही. हे आधी माहीत असतं तर निम्मं काम घरीच झालं असतं. असो.

तर मिस्त्रीकडं नेला. लई गोड माणूस. 'या मालक, बसा, पाणी घ्या' असं करत त्यानं रॉडवरून बोट फिरवलं अन् तोंड वाकडं केलं. म्हणला, 'रॉड खल्लास हाय, हार्ड क्रोम करावा लागतो, ट्यूबला होनिंग, सील किट ओरिजिनल टाकू, पुन्हा पाच वर्षं बघायचं काम नाही.' हार्ड क्रोम म्हंजे रॉडवर क्रोमचा कडक थर चढवणं, अन् होनिंग म्हंजे ट्यूब आतून घासून साफ करणं. क्रोमचे ५,५००, होनिंगचे २,५००, किट १,८०० अन् मजुरी १,७००, झाले ११,५००. मी बिल मागितलं तर म्हणला पक्कं घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर लागंल, कशाला सरकारला देता, मी हाय की इथंच. मला बी तवा ते पटलं बघा, दोन हजार वाचले म्हणून खुश. ५ हजार ॲडव्हान्स फोनपे केला, ते बी त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. आता लिहिताना माझं मलाच हसू यायलंय.

रॉड क्रोम करायला संध्याकाळच्या गाडीनं वाळूजच्या एमआयडीसीत जातो म्हणला, अन् दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन, 'मालक, जॅक रेडी.' इथंच डोकं चालायला पाहिजे होतं. जुना क्रोम काढायचा, रॉड ग्राइंडिंग करायचा, टाकीत घंटोन् घंटे ठेवायचा, परत ग्राइंडिंग करून मापात आणायचा, अन् वाळूजला जाणं-येणं वेगळंच, हे सगळं एका दिवसात? पण मला नांगरटीची घाई, भाड्यानं नांगरायचं तर एकरी २ हजार चाललेले, अन् जॅकला निळा रंग मारलेला असा चकाचक की नवरदेव बरा. रॉड तर आरशावानी. उरलेले साडेसहा दिले अन् घेऊन आलो. जुने सील दाखव म्हणलं तर 'ते कचऱ्यात गेले मालक.'

पहिल्या दिवशी अडीच एकर झालं, मी खुशीत. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तोंडातून तेलाचा थेंब, मग धार, अन् पलटी मारताना नांगर मधीच थांबायला लागला, दांडा दोन-तीनदा मारावा लागायचा. तिसऱ्या दिवशी ६-७ लिटर तेल काळ्या रानानं पिलं. मिस्त्रीला फोन केला तर म्हणला तुमच्या तेलात कचरा हाय, डीसीव्ही गेलाय, आमचं काम ओके हाय. त्यानंतर फोन उचलायचं बंद.

आता खरी गंमत ऐका. त्याच आठवड्यात मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायची होती म्हणून प्लास्टिकच्या बादलीत एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात भिजत घातलेलं. चुना मिसळल्यावर आपण विळा बुडवून बघतो ना, पातं तांबडं झालं तर चुना कमी पडला म्हणून, तसं विळा शोधत असताना नजर त्या जॅकवर गेली. मोरचूद उघड्या लोखंडावर तांबं चढवतं, पण क्रोमवर चढत नाही. मनात म्हणलं बघू तर. रॉड पेट्रोलच्या फडक्यानं चांगला पुसला, तेलकटपणा राहिला तर फसगत होती, अन् चुना न घातलेल्या मोरचुदाचे चार थेंब कापसानं लावले. दहापर्यंत मोजायच्या आत निळ्या पाण्याखाली तांबडं यायला सुरुवात झाली. पूर्ण नाही, ठिपक्या-ठिपक्यानं, कोड फुटल्यावानी. जिथं कंपनीचा जुना क्रोम शिल्लक होता तिथं काहीच नाही, बाकी सगळं तांबडं. म्हणजे नुसता पॉलिश पेपर मारून बफिंग केलेलं, वाळूज तर त्या रॉडनं सपनात बी बघितलं नव्हतं. आमचे अण्णा मागं उभे होते, ते फक्त एवढंच म्हणले, 'साडेअकरा का?'

मग जॅक जालन्याला एका जुन्या लेथवाल्या काकांकडं नेला अन् हट्टानं समोर उघडायला लावला. त्यांनी ट्यूबमध्ये टॉर्च मारली. होनिंग केलेल्या ट्यूबमध्ये बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसती, इथं जाळी-बिळी काही नाही, बुडाकडं चार बोटं जागेत गंजाचे खड्डे जशाला तसे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवलं तर कटकट अडकायचं. पिस्टनवरचं सील जुनंच, कडक झालेलं, काढताना तुकडा पडला. नवं काय होतं, तर तोंडावरचं वायपर, कारण बाहेरून तेवढंच दिसतं.

काका म्हणले एवढे खोल खड्डे होनिंगनं बी जात नसतेत, ट्यूबच बदलावी लागती, अन् रॉडला परत क्रोम करत बसण्यापेक्षा क्रोम केलेला तयार रॉड मापानं मिळतो, तो कापून कडी वेल्डिंग करायची. ट्यूब, ४० एमएमचा रॉड, पूर्ण किट, सगळं मिळून ९,२०० झाले. म्हणजे खऱ्या कामाला खोट्या कामापेक्षा कमी लागले. रॉड जोडायच्या आधी मी खिशातून मोरचुदाची बाटली काढली, काका हसले, पण लावू दिलं. एक ठिपका तांबडा झाला नाही. लगेच पाण्यानं धुवून तेलाचा हात फिरवला.

मिस्त्रीकडं दोघं-तिघं मिळून गेलतो. आधी आवाज चढवला, मग रॉडवरचा तांबडा डाग दाखवल्यावर गप झाला. तीन हजार परत दिले, बाकीचं 'पुढच्या कामात बघू मालक' म्हणला. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल हाय का. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी बी लागत नाही, पण कागद काय दाखवू, मेव्हण्याचा फोनपे? त्या दोन हजारांच्या जीएसटीनं मला केवढ्यात पाडलं बघा.

तुमचा जॅक अडकला असंल तर आधी नव्या जॅकचा भाव विचारून ठेवा, अन् कुणाकडं बी टाका पण समोर खोलून घ्या, जुने सील पिशवीत मागा, बंद करायच्या आधी ट्यूबमध्ये टॉर्च मारा, तो नको म्हणला तर जॅक उचला अन् चालायला लागा. मोरचूद तर घरोघरी असतंच. माझा तो जुना रॉड गोठ्यात टेकवून ठेवलाय, आता कालवडीचं दावं त्यालाच असतं.