उकाड्यातलं हलकं पोर्क: लॉइन घ्यावा की खांदा?

उन्हाळ्यात स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, ओट्यावर काढला की घरातले विचित्र नजरेनं बघतात. थंडीतली वस्तू ना ती! पण ओव्हन लावला की स्वयंपाकघराची भट्टी होते आणि हे भांडं कोपऱ्यात गुमान आपलं काम करत बसतं. त्यामुळे भांड्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोळ होतो तो आत काय घालायचं यावर.

'हलकं' म्हटलं की हात आपोआप पाठीच्या लॉइनकडे जातो. माझाही दोन उन्हाळे गेला. चरबी कमी, तुकडा सुबक, गार झाल्यावर पातळ काप करून काकडी आणि पुदिन्याबरोबर खायला झकास. वेळ साधली तर.

सगळी गोम त्या 'वेळ साधली तर'मध्ये आहे. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोचलं आणि तुकडा बाहेर काढून तीनेक मिनिटं तसाच ठेवला, की लॉइन तयार. कुकरला ते कोण सांगणार? 'लो' ठेवा नाहीतर 'हाय', शेवटी दोन्ही उकळीच्या आसपासच जातात. फरक तिथवर पोचायला किती वेळ लागतो एवढाच. माझा किलोभराचा तुकडा 'लो'वर अडीच तासांत व्हायचा. म्हणजे सकाळी लावून दिवसभर बाहेर जायची सोय गेली. एकदा फोनवर बोलता बोलता पाऊण तास उलटला. सुरी लावली तर काप पडेचना, नुसता भुसा. आजूबाजूला वाटीभर रस, आणि त्यात बसलेलं मांस कोरडं ठणठणीत! थर्मामीटर खुपसून बघावं तर दर वेळी झाकण उघडल्यावर वाफ जाते आणि अंदाज पुन्हा चुकतो. ज्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून हे भांडं आणलं, त्याच्यावरच पहारा करत बसायचं, हे काही मला पटेना.

खांद्याचं उलट आहे. त्यात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर; ते सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं, म्हणून आठ तासांनी मांस काट्यानं सुटतं. नऊ तास झाले तरी फारसं बिघडत नाही. अडचण तवंगाची. तो तसाच वाढला तर दोन घासांत जड वाटतं, आणि उकाड्यात तर नकोच.

त्यावर माझा उपाय म्हणजे आदल्या दिवशीच शिजवून ठेवणं. वरची जाड चरबी कापायची आणि पाणी अर्धी वाटीच घालायचं, कारण झाकणाखाली फारसं आटत नाही आणि मांसालाही पुष्कळ सुटतं. शिजलं की मांस सोडवून घ्यायचं, रस गाळायचा आणि दोन्ही उथळ भांड्यांत घालून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी रसावर चरबीची पांढरी घट्ट चकती धरलेली असते. चमच्याची कड घातली की ती अख्खी उचलून येते आणि खाली रस जेलीसारखा थुलथुलत असतो. त्यातले चार चमचे घालून मांस कढईत चांगलं वाफ येईपर्यंत गरम करायचं (स्लो कुकरमध्ये नको, तो तापायला फार वेळ घेतो), वर लिंबू पिळायचं आणि ताटलीत मांसापेक्षा बारीक चिरलेला कोबी जास्त घ्यायचा. लिंबू आधी घालून बघितलं होतं, आठ तासांत त्याचा तजेला पार जातो.

आता, चकती काढली तरी खांदा लॉइनइतका कमी चरबीचा होत नाही, हे मान्य करायलाच हवं. डॉक्टरांनी चरबी मोजून खायला सांगितलं असेल, किंवा तुम्ही दुपारभर घरीच असाल आणि तारेचा थर्मामीटर झाकणाखालून आत सोडता येत असेल, तर लॉइन जरूर घ्या. त्याचे काप पाहुण्यांपुढे दिसतातही छान. फक्त नावावरून टेंडरलॉइन उचलू नका. तो आणखी बारीक, आणखी लवकर वाळणारा. हा माझ्या एका भांड्याचा अनुभव. तुमचं भांडं जरा थंड चालत असेल तर तुमचा लॉइन कदाचित माझ्यापेक्षा बरा होईल.

माझा शेवटचा लॉइन मात्र दोन महिन्यांपासून फ्रीजरमध्ये पडून आहे. दर वेळी तो बाजूला सारून मी मागचा खांदा काढतो.