उणे 11 ची सॉफ्टबॉल बॅट: आठ महिन्यांनंतर

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. लेकीची पहिली बॅट मी त्याच हिशेबाने घेतली: 31 इंच, 23 औंस, म्हणजे साधारण 650 ग्रॅम. ती तेव्हा बारा वर्षांची, अंगाने किरकोळ. वर्षभर तिचा स्विंग उशिराच यायचा आणि चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जायचा. घरी आली की मनगट चोळत बसायची. ताकद कमी पडतेय असं समजून मी तिच्या खाण्याकडे बघत राहिले. याचं मला आजही वाईट वाटतं.

आठ महिन्यांपूर्वी 30 इंच, 19 औंसांची ॲल्युमिनियमची बॅट घेतली. तिच्यावर -11 छापलंय. हा ड्रॉप: औंसांच्या आकड्यातून इंचांचा आकडा वजा केला की मिळतो. उणे जितकं मोठं, तितकी बॅट लांबीच्या मानाने हलकी. जुनीचा ड्रॉप फक्त उणे 8 होता, हे मला वर्षभराने कळलं. दुकानात सगळे लांबीच विचारतात. वजनाचा आकडा स्वतः वाचून घ्या आणि घरी काट्यावर टाकून बघा. आमची ग्रिपसकट 560 ग्रॅम भरली, छापील वजनापेक्षा वीसेक ग्रॅम जास्त.

निवडताना तिच्या कोच सरांनी एकच गोष्ट करून घेतली. बॅट मुठीजवळ एका हाताने धरायची, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ, आणि तीसपर्यंत मोजायचं. जुनी बॅट बाराला थरथरायला लागली होती. ही तिने तीसपर्यंत धरली.

पहिले पंधरा दिवस उलटंच झालं. हात लवकर सुटायचा, चेंडू तिसऱ्या बेसकडे फाउल. मग जमलं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर 43 फुटांवरून टाकते. तेवढ्यात चेंडू ओळखून थांबायचं किंवा मारायचं ठरवावं लागतं. बॅट झटकन येते हा भरवसा असला की मुलगी क्षणभर जास्त थांबते. माझ्या मते हलक्या बॅटचा खरा फायदा हाच.

मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तिच्या मैत्रिणीची बॅटही 19 औंसांचीच, पण वजन टोकाकडे. फिरवताना ती चांगलीच जड लागते. संघातल्या सोळा वर्षांच्या दणकट मुलीला मात्र आमची अगदी हलकी पडली.

तक्रारी आहेत. हिवाळ्यात सकाळी चेंडू मधोमध लागला नाही की हाताला झिणझिण्या येतात. घामाने ग्रिप मे महिन्यातच गुळगुळीत झाली, बदलावी लागली. दोन पोचेही आलेत.

लेक आता दोन इंचांनी वाढलीय. पुढची 31 इंच, उणे 10 घ्यायचा विचार आहे, पण आधी कुणाची तरी आठवडाभर मागून आणणार. परवा तिने हौसेने ती जुनी 23 औंसांची काढली, हात सरळ केला आणि मोजायला लागली. सव्विसाला टोक खाली आलं. मी ती परत माळ्यावर ठेवली.