तेरचे लामतुरे संग्रहालय : मातीकामासाठी पाहावे असे

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव बहुतेकांना गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, समाधीमुळे ठाऊक असते. दर्शन आटोपून लगेच परतणाऱ्यांनी गावातील रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ज्या ‘तगर’ नगराचा उल्लेख येतो आणि जिथले कापड भडोच बंदरात उतरत असे, ते हेच गाव.

संग्रहाची ख्याती आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळे. वीतभरही उंची नसलेल्या या मूर्तीशी नाते सांगणारी दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेईत, म्हणजे इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहरात सापडली, आणि तेर व भोकरदन येथील मूर्तींशी असलेल्या साम्यावरून ती सातवाहनांच्या प्रदेशात घडली असावी, असे मत अभ्यासकांनी मांडले.

माझे मन मात्र रमले ते मातीकामात. केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आहेत; पुढचा व मागचा भाग स्वतंत्र दाबून मग जोडल्यामुळे कडेने नजर फिरवली की सांध्याची रेघ शोधता येते, आणि एकदा ती सापडली की प्रत्येक मूर्तीत तीच शोधण्याचा नाद लागतो. केसांची ठेवण आणि कानांतली जड कुंडले इतक्या बारकाईने उमटली आहेत की साचा कोरणाऱ्याचे कौतुक वाटते. गोरोबाकाकांच्या हजारएक वर्षे आधीही या गावाचा हात मातीत असा बसलेला होता! मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही आहेत, पण तिथे मी फार रेंगाळलो नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लामतुरे यांनी गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून जपल्या नसत्या, तर त्या केव्हाच पांगल्या असत्या. पण उत्खननात जो थर नोंदला जातो तो अशा वेचलेल्या वस्तूंना नसतो, त्यामुळे त्यांचा काळ बराचसा घडणीवरूनच ठरवावा लागतो.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रमाचे देऊळ चुकवू नये. मागच्या बाजूने एक फेरी मारली की हत्तीच्या पाठीसारखे गोलावलेले जुने विटांचे बांधकाम दिसते, आणि संग्रहालयात काचेआड पाहिलेल्या काळाची भिंत इथे हाताला लागते.