वाचनालयातल्या कॉम्प्युटरला आपोआप कुलूप लावणारं सॉफ्टवेअर: वर्षभराच्या वापरानंतर

नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी भांडण अजून मिटलेलं नाही. पण अभ्यासिका, वाचनालय किंवा नेट कॅफे चालवणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहेच. काउंटरवरून वेळ द्यायची, माणूस उठून गेला की ठरावीक मिनिटांनी स्क्रीनला कुलूप, आणि सेशन संपलं की डाउनलोड्स, हिस्ट्री, लॉगिन सगळं साफ. फी दर मशीनमागे, दर वर्षी. तेवढ्या पैशांत आमच्याकडे दिवाळी अंकांचा अख्खा संच येतो, म्हणून मी सुरुवातीपासून जरा दातओठ खाऊनच वापरतोय.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक-दोन दिवसांच्या आगेमागे सगळी मशीन्स एकाच रोगाने आजारी पडली. कुलूप उघडलं, डेस्कटॉप दिसला, आणि माउसला हात लावेपर्यंत पुन्हा कुलूप. समोर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आलेली पोरं. कंपनीच्या मुलाला फोन लावला. "सर, बंद करून परत चालू करा." केलं, फरक शून्य. "मग विंडोज फॉरमॅट करावं लागेल, व्हिजिट चार्ज वेगळा." एएमसी (वार्षिक देखभालीची फी) भरलेली असताना व्हिजिट चार्ज कसला, यावर आमची बराच वेळ जुंपली.

फोन ठेवला आणि टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये ‘अप टाइम’ बघितला तर मशीन पन्नासेक दिवस सलग चालू! आम्ही तर रोज संध्याकाळी शट डाउन करतो. इथेच गोम आहे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. घड्याळ शून्यावर जात नाही. ते जातं फक्त रीस्टार्ट केल्यावर.

आता हे घड्याळ आणि कुलूप यांचा संबंध. शेवटचं बटण कधी दाबलं किंवा माउस कधी हलला, हे विंडोज ‘गेटलास्टइनपुटइन्फो’ या फंक्शनमधून सांगतं. उत्तर याच घड्याळावरच्या, म्हणजे मशीन चालू झाल्यापासूनच्या मिलीसेकंदांत आणि ३२ बिटांच्या आकड्यात येतं. त्यात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंतच मोजता येतं, म्हणजे साधारण ४९.७ दिवस. पुढे मीटर पुन्हा शून्यापासून. याच घड्याळावरची सध्याची वेळही तशाच ३२ बिटांत घेऊन वजाबाकी केली तर काही बिघडत नाही. पण सध्याची वेळ ६४ बिटांत घेतली (तिथे मीटर शून्यावर न जाता पुढेच मोजत राहतं) आणि शेवटच्या इनपुटची ३२ बिटांतच ठेवली, तर ४९.७ दिवसांनंतर प्रत्येक माणूस ‘पन्नास दिवस हललाच नाही’ असा दिसतो. मग कुलूप. सगळी लक्षणं तंतोतंत जुळत होती. रीस्टार्ट केलं आणि मशीन्स गुपचूप चालू लागली.

मग आधीचे दहा महिने हे का झालं नाही? कारण दर महिन्याला विंडोजचे अपडेट यायचे आणि त्या निमित्ताने रीस्टार्ट व्हायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमची मशीन्स जुनी, विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणीही आम्ही केलेली नाही. अपडेट थांबले, रीस्टार्ट थांबला, आणि इतके दिवस झाकलेली घाण वर आली. ज्यांच्याकडे अशी मशीन्स आहेत त्यांनी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. फुकट आहे, व्हिजिट चार्ज नाही.

हे सगळं त्या मुलाला लिहून पाठवलं. उत्तर आलं: "सर, तुमचा विंडोज ओरिजिनल आहे का?"

या संतापात मी एकच तारा देणार होतो. पण सॉफ्टवेअर काढून विंडोजच्याच स्क्रीनसेव्हरच्या कुलपावर काही दिवस काढून बघितले, आणि मत थोडं बदललं. विंडोजचं कुलूप सेशन तसंच आत ठेवतं. पुढच्या मुलासाठी ते उघडलं की आधीच्या मुलीचा मेल, आधार कार्डाची पीडीएफ, बँक पासबुकाचा फोटो सगळं समोर. सार्वजनिक मशीनवर नुसतं कुलूप अर्धवटच. आतलं पुसलंही गेलं पाहिजे. ते काम हे सॉफ्टवेअर चोख करतं, यात वाद नाही. (एक्सपी आणि व्हिस्टाच्या काळात मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट हे काम फुकट करायचं. २०१० च्या अखेरीस तेही बंद केलं.)

आणखी एक सेटिंग, जे आधी कुणी सांगितलंच नाही. आमच्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नाही. ओटीपी घ्यायला पोरं जिन्याखाली जातात, येईपर्यंत सेशन पुसलेलं आणि अर्धा अर्ज गेलेला. एक मुलगी रडकुंडीला आली होती. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ‘आधी कुलूप, नंतर सेशन बंद’ अशी सोय निघाली. आता दहा मिनिटांनी कुलूप लागतं, चिठ्ठीवरचा पिन टाकला की अर्ज आहे तिथे मिळतो, आणि त्यापुढे पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही तरच सफाई होते. तेव्हापासून काउंटरवरची कुरकुर जवळपास थांबली.

म्हणून अडीच तारे. कंपनीने परवा नवीन आवृत्ती पाठवली आहे, सोबतच्या यादीत ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच लिहिलंय. एका मशीनवर टाकली आहे, फास्ट स्टार्टअप मुद्दाम चालू ठेवून, आणि त्या मशीनवर ‘रीस्टार्ट करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. बाकीच्या मशीन्सची फी पन्नास दिवस उलटल्यावर बघू.