जीसॅट-१५ : दहा वर्षे उलटलेल्या उपग्रहाची परभणीहून केलेली तपासणी

मराठवाड्यात ज्या घरांच्या पत्र्यावर किंवा माळवदावर मासिक भाडे नसलेली छत्री दिसते, त्यांतील बहुतेक घरांत दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा पाहिली जाते, आणि आपल्याकडची ही संपूर्ण सेवा जीसॅट-१५ या एका उपग्रहावरून येते. तीत वाहिन्या कोणत्या आहेत आणि कोणत्या असायला हव्या होत्या, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी येथे खुद्द उपग्रहाचे परीक्षण करणार आहे, कारण ‘उपग्रह म्हातारा झाला, आता सगळा संच बदला’ असे सांगून नवी जोडणी गळ्यात मारणारे आमच्या परभणीकडे अधूनमधून भेटतात. त्यांचे म्हणणे कितपत खरे, हे बऱ्याच अंशी घरी बसून तपासता येते.

प्रथम कुंडली. जीसॅट-१५ हा इस्रोचा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी पहाटे फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ प्रक्षेपकाने अवकाशात गेला. त्यावर केयू पट्ट्याचे (म्हणजे उच्च कंपनसंख्येच्या रेडिओलहरींचे) २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे जमिनीवरून आलेले वाहिन्यांचे गट पुन्हा खाली पाठवणारी उपकरणे, आहेत, आणि विमानांना अचूक दिशादर्शन देणाऱ्या ‘गगन’ यंत्रणेची उपकरणेही आहेत. म्हणजे आपल्याला बातम्या दाखवणारा हा उपग्रह विमानांच्याही उपयोगी पडतो, ही गोष्ट छत्री बसवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे रचनाआयुष्य १२ वर्षांचे ठरवलेले होते. त्यांतील दहा वर्षे सरली आहेत, तेव्हा तो वयस्क आहे हे म्हणणे खरेच आहे. मात्र वयस्क आणि आजारी यांत फरक असतो.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर हा उपग्रह ठेवलेला आहे. तो तेथे आपोआप राहत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीमुळे त्याची कक्षा वर्षाला सुमारे पाऊण ते एक अंशाने कलू पाहते, शिवाय तो पूर्व-पश्चिमही सरकत असतो, आणि हे सरकणे रोखण्यासाठी कर्नाटकातील हासन आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथे असलेल्या मुख्य नियंत्रण केंद्रातून त्याची छोटी इंजिने वेळोवेळी चालवावी लागतात. अशा उपग्रहाचे आयुष्य मुख्यतः उरलेल्या इंधनावर मोजले जाते. इंधन संपत आले की नियंत्रक उत्तर-दक्षिण दुरुस्ती थांबवतात, आणि मग जमिनीवरून पाहिले असता उपग्रह रोज इंग्रजी आठाच्या आकृतीसारखा वरखाली फिरू लागतो. आपल्या घरी त्याचे लक्षण असे दिसेल की संकेताची गुणवत्ता दिवसाच्या ठरावीक वेळी उतरेल, पुन्हा चढेल, आणि ही वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे येत जाईल. आमच्या संचावर असे काहीही दिसत नाही. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या असतात. त्यांतील दुसरी पट्टी निरभ्र दिवशी सकाळी, दुपारी आणि रात्री सारख्याच जागी उभी असते.

येथे एक सावधगिरी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. साठ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीची नजर जवळपास तीन अंश रुंद असते, आणि ०.१ अंश म्हणजे त्या कक्षेत सुमारे ७० किलोमीटर. उपग्रह अर्धा अंश हलला तरी एवढ्या छोट्या छत्रीला त्याचा पत्ता लागणार नाही. तेव्हा गुणवत्तेची पट्टी स्थिर आहे एवढ्यावरून टाकीत किती इंधन आहे हे सांगता येत नाही. कक्षा अजून डोळ्यांत भरण्याइतकी बिघडलेली नाही, एवढेच त्यावरून कळते.

बॅटऱ्यांची परीक्षा मात्र आपल्याला खरोखर घेता येते, आणि ती मला या सगळ्यांत अधिक विश्वासार्ह वाटते. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आगेमागे, प्रत्येक वेळी सुमारे दीड महिना, हा उपग्रह रोज रात्री काही काळ पृथ्वीच्या सावलीत जातो. विषुवदिनाजवळ हा अंधार सर्वांत लांब, म्हणजे जवळपास सव्वा तासाचा असतो. ९३.५ अंशांवरील उपग्रहासाठी त्याचा मध्य भारतीय वेळेनुसार रात्री सव्वाअकराच्या सुमारास येतो. त्या वेळी सौरपंख निरुपयोगी असतात आणि सर्व ट्रान्सपाँडर लिथियम-आयन बॅटऱ्यांवर चालतात. वर्षाला सुमारे नव्वद रात्री, याप्रमाणे दहा वर्षांत या बॅटऱ्या नऊशेच्या आसपास वेळा उतरल्या आणि पुन्हा भरल्या आहेत. त्या दमल्या असत्या तर भार कमी करण्यासाठी काही ट्रान्सपाँडर त्या तासाभरापुरते बंद करण्याची वेळ आली असती, आणि आपल्याला काही वाहिन्यांचा गट एकदमच नाहीसा झालेला दिसला असता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या रात्री, हा सावलीचा काळ ऐन भरात असतो. त्या रात्री सव्वाअकराला मी दूरदर्शनच्या आणि खासगी अशा निरनिराळ्या वाहिन्यांवर गुणवत्तेची पट्टी पाहिली; ती संध्याकाळी जेथे होती तेथेच होती. ज्यांना उपग्रहाच्या प्रकृतीची शंका आहे त्यांनी ही तपासणी अवश्य करावी. तिला रिमोटखेरीज काही लागत नाही.

वय झाले की उपग्रह नेमका कसा बिघडतो, याचे उदाहरण याच जागेवर घडलेले आहे. जीसॅट-१५ च्या आधी फ्री डिश, तेव्हाचे डीडी डायरेक्ट प्लस, ज्या इन्सॅट-४बी उपग्रहावर होते तो मार्च २००७ मध्ये प्रक्षेपित झाला होता, आणि ७ जुलै २०१० रोजी त्याच्या दोनपैकी एका सौरपंखाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला. त्यामुळे त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर, सहा केयू आणि सहा सी पट्ट्यातील, बंद करावे लागले. त्या वेळी त्याचे वय साडेतीन वर्षांचेही नव्हते. तरीही राहिलेल्या शक्तीवर तो पुढे वर्षानुवर्षे चालला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याला कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन विधिवत निवृत्त करण्यात आले. बारा वर्षांसाठी बांधलेला आणि तरुणपणीच अधू झालेला उपग्रह जर चौदा वर्षांहून अधिक टिकतो, तर धडधाकट जीसॅट-१५ ला केवळ कॅलेंडर पाहून मोडीत काढण्याचे कारण नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे : मोठा बिघाड वयाची वाट पाहत नाही, आणि तो येण्याआधी घरच्या पट्टीवर काहीही दिसणार नाही.

मग चित्र अडखळते ते कशाने? आमच्या शेजारच्या एका घरी ‘उपग्रहाचा दोष’ म्हणून सांगितलेला बिघाड मी जवळून पाहिला. एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या संकेत पकडणाऱ्या डबीला, जोडलेल्या केबलच्या टोकावर रबरी टोपी नव्हती. तिथला स्क्रूसारखा फिरवून बसवायचा एफ कनेक्टर सोडवला तर आतली तांब्याची तार काळी पडली होती, भोवतीच्या जाळीचे पांढरे पीठ झाले होते आणि झटकल्यावर पाण्याचा थेंब खाली पडला. वीतभर केबल कापून नवा कनेक्टर बसवला आणि गुणवत्तेची पट्टी भरली. सगळा संच बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने वर चढून पाहण्याची तसदी घेतली नव्हती. वानरांचा उपद्रव हे आमच्याकडचे दुसरे कारण. छत्रीच्या दांड्यावर वानर बसले की ती दोन-तीन अंश वाकते, आणि तेवढे वाकणे संकेत घालवायला पुरते. परभणीहून हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर असतो. छत्रीची घडण तिरपी असल्यामुळे ती दिसते त्याहून बरीच वर पाहत असते, म्हणून लांबच्या लिंबाला दोष देऊन तो तोडू नये. अडथळा होण्यासाठी झाड फार उंच आणि अगदी जवळ असावे लागते.

पावसाने होणारा खंड हा केयू पट्ट्याचा गुणधर्म आहे आणि नवा उपग्रह आला तरी तो राहील. घरी एक थेंबही नसताना चित्र जाते तेव्हा लोकांचा उपग्रहावरचा संशय बळावतो, परंतु एवढ्या तिरप्या वाटेने येणारा संकेत पावसाच्या थरातून जाताना आपल्यापासून आग्नेयेस जवळपास तीन किलोमीटरपर्यंतच्या आकाशातून येतो; तेथे वळीव कोसळत असेल तर इथल्या उन्हाचा उपयोग नाही. आपल्या कमी पावसाच्या प्रदेशात हे तास मोजकेच असतात. मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरचा आरंभ या काळात काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र फुटते, ते सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आल्यामुळे. त्या वेळी स्क्रू सैल करून छत्री फिरवणे म्हणजे नसलेले दुखणे ओढवून घेणे होय, आणि दरवर्षी कोणी ना कोणी ते करतोच.

सेवेची खरी मर्यादा मला बॉक्समध्ये दिसते. फ्री डिशवर चित्र दाबून लहान करण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या आणि नव्या एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या शेजारी शेजारी चालतात. जुन्या बॉक्सवर नव्या पद्धतीच्या वाहिन्या उघडत नाहीत, आणि घरातल्या माणसांना वाटते की उपग्रहावरून त्या बंद झाल्या. ट्रान्सपाँडरची जागा मर्यादित असल्याने आणि एमपेग-४ त्याच जागेत अधिक वाहिन्या बसवत असल्याने पुढचा कल स्पष्ट आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते एमपेग-४ बॉक्सवर, चांगल्या तांब्याच्या केबलवर आणि झाकण असलेल्या एलएनबीवर करावेत. छत्री गंजली नसेल तर जुनीच ठेवावी.

उपग्रहाला मी चांगले गुण देतो : चित्र स्थिर, सावलीच्या रात्री निर्धोक, भाडे शून्य. संपूर्ण सेवेला मात्र एक गुण कमी. म्हैसमाळसारख्या डोंगरावरील मनोऱ्यांवरून साध्या अँटेनावर चित्र मिळण्याचे दिवस संपले असल्याने, महिन्याचे पैसे न भरता दूरचित्रवाणी पाहायची तर हा एकच दरवाजा उरला आहे, आणि त्याच्या मागे एकच यंत्र आहे. जीसॅट-१५ चा उत्तराधिकारी जेव्हा येईल तेव्हा तो ९३.५ अंशांवरच ठेवला गेला, तर इन्सॅट-४बी कडून जीसॅट-१५ कडे येताना झाले तसे कोणालाही छत्री हलवावी लागणार नाही. फार तर बॉक्समध्ये वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागतील. जागा बदलली तर मराठवाड्यातील गावोगावच्या प्रत्येक छपरावर पाना घेऊन माणूस चढवावा लागेल, आणि त्याची मजुरी भाडे न भरणाऱ्या या ग्राहकालाच द्यावी लागेल.