इलेक्ट्रिकल चिन्हं आणि सूत्रांची कार्डं: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

नागपुरात बर्डीवर दोनशे रुपयांच्या आत मिळणारा हा कार्डांचा संच मी पावसाळ्यात घेतला. आता घराघरांत कूलर माळ्यावरून खाली उतरलेत, म्हणजे वापर भरपूर झाला. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी महालातल्या एका रिवाइंडिंगच्या (मोटरची जळालेली तार काढून नवी गुंडाळायच्या) दुकानात काम शिकतो. माझं मत आधीच सांगतो: चिन्हांसाठी संच बिनधास्त घ्या. सूत्रांसाठी घेणार असाल, तर त्या कार्डांवर स्वतः मेहनत करायची तयारी ठेवा.

कार्डावर पुढे चिन्ह आणि मागे नाव आहे. आमच्या वर्गात सगळे चिन्ह बघून नाव सांगतात. मी मागची बाजू आधी वाचतो, रफ वहीत चिन्ह काढतो आणि मगच कार्ड उलटवतो. ऑनलाइन परीक्षेत चार पर्याय समोर असतात, तिथे ओळखता आलं तरी भागतं. पण स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर कमी करंटवर सुरू करणारी यंत्रणा, त्याचा कंट्रोल सर्किट कोऱ्या कागदावर काढायला सांगितला की नुसती ओळख कामी येत नाही, हाताला वळण लागतं. फ्यूज आणि रेझिस्टरचंच बघा. नव्या ड्रॉइंगमध्ये दोन्ही आयत, फक्त फ्यूजमध्ये रेघ आयताच्या आरपार जाते. डोळ्याला हा फरक सहज निसटतो, चार वेळा हाताने काढल्यावर निसटत नाही.

संचातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने चालू-बंद होणारा स्विच) कार्डांमागे टर्मिनलचे नंबर छापले आहेत. कॉइल ए१-ए२. ऑक्झिलरी (कंट्रोलसाठीच्या जोड) कॉन्टॅक्टमध्ये शेवटचा आकडा १-२ असेल तर एनसी (एरवी जोडलेला), ३-४ असेल तर एनओ (एरवी तुटलेला). म्हणून होल्डिंगचा, म्हणजे बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर चालू ठेवणारा, कॉन्टॅक्ट बहुतेक वेळा १३-१४ असतो. ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) ९५-९६ हा एनसी कॉइलच्या सिरीजमध्ये येतो आणि ९७-९८ ट्रिपच्या दिव्याला जातो. हे एवढं पक्कं झालं की अनोळखी पॅनल उघडल्यावरही सुरुवात कुठून करायची ते कळतं.

चिन्हांच्या कार्डांत उणीव एकच, पण मोठी. रेझिस्टर जुन्या पद्धतीने नागमोडी काढलाय आणि बाकी चिन्हं आयईसी ६०६१७ (चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आहेत. नव्या ड्रॉइंगमध्ये रेझिस्टर आयतच असतो. दोन्ही रूपं एका कार्डावर हवी होती. मी मार्करने आयत बाजूला काढून ठेवलाय.

पाठ करायला लाइटनर पेटीची पद्धत धरली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ती लोकांपर्यंत नेली. संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलेलं परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. त्यामुळे येणाऱ्या कार्डांवर वेळ जात नाही. टायमरचे ऑन-डिले (वीज मिळाल्यावर उशिरा बदलणारे) आणि ऑफ-डिले (वीज गेल्यावर उशिरा बदलणारे) कॉन्टॅक्ट मात्र दिवाळीपर्यंत पहिल्याच कप्प्यात होते.

आता सूत्रं. ओहमच्या नियमाचा त्रिकोण, पॉवरचा त्रिकोण, मग त्यातून निघणारी प्रत्येक मांडणी वेगळ्या कार्डावर. इतकी कार्डं लागतच नाहीत. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, ही दोन धरा, बाकीची त्यातूनच निघतात. खरी अडचण असते कोणतं सूत्र कुठे लावायचं याची, आणि कार्ड त्याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून मी प्रत्येक सूत्राच्या मागे पेनने एक खरी वस्तू लिहिली.

पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, याच्यामागे गीझर. २३० व्होल्टला २००० वॉटचा गीझर, म्हणजे रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम. खेड्यात व्होल्टेज १८० वर आलं की तोच गीझर १२२५ वॉटच्या आसपास देतो. पाणी तापायला वेळ का लागतो, ते इथे आकड्यात दिसतं. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, याच्यामागे ढिला जोड. करंट दुप्पट झाला की जोडातली उष्णता चौपट. मे महिन्यात दुकानात येणारे काळे पडलेले प्लग टॉप मी याच सूत्राने समजून घेतले.

शंभर वॉटच्या जुन्या बल्बवर तर प्रत्येकाने एकदा मल्टिमीटर लावून बघावा. गीझरवालं सूत्र सांगतं ५२९ ओहम, थंड बल्ब दाखवतो चाळीसच्या आसपास. सूत्र बरोबरच आहे. फिलामेंट टंगस्टनचं, तापलं की त्याचा रेझिस्टन्स कितीतरी पटींनी वाढतो. हे पाहिल्यापासून तापमानाचा मुद्दा मला पाठ करावा लागलेला नाही.

सिंक्रोनस स्पीडच्या (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र फिरतं तो वेग) कार्डामागे मोटरची नेमप्लेट उतरवली आहे. १२० गुणिले ५० हर्ट्झ भागिले ४ पोल म्हणजे मिनिटाला १५०० फेरे, प्लेटवर १४४०, म्हणजे स्लिप (वेगातली घट) ४ टक्के. थ्री फेजच्या कार्डामागे शेतातली ५ एचपीची मोटर. ७४६ ने गुणून ३७३० वॉट, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, एफिशियन्सी ८५ टक्के, वर्गमूळ ३ धरून उत्तर ७.६ अँपिअर. मी वहीत हे मांडत असताना दुकानातले काका म्हणाले, "अबे, पाचची हाय ना? साडेसात धर." एचपीला दीड अँपिअर हा त्यांचा हिशेब. सूत्राने जवळजवळ तोच आकडा आल्यावर मला मनापासून आनंद झाला, कारण तो हिशेब कुठून आला आणि सिंगल फेजला का चालत नाही, हे आता मी सांगू शकतो.

लॅमिनेशन चांगलं आहे, घामाच्या हातांनीही खराब झालं नाही. रिंग मात्र पावसाळ्यातच गंजली. आणि माझ्या संचात डेल्टाच्या (तीन वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) कार्डावर लाइन करंट (बाहेरच्या तारेतला) आणि फेज करंट (आतल्या वाइंडिंगमधला) यांची अदलाबदल छापली आहे. बरोबर असं आहे: डेल्टात लाइन करंट हा फेज करंटच्या १.७३२ पट आणि व्होल्टेज दोन्हीकडे सारखं. स्टारमध्ये करंट सारखा, लाइन व्होल्टेज १.७३२ पट. दुकानदाराला दाखवलं तर त्याने संच बदलून द्यायची तयारी दाखवली, पण दुसऱ्या संचातही तेच निघालं. घेणार असाल तर काउंटरवरच ते कार्ड काढून बघा, आणि चूक तशीच असेल तर घरी गेल्या गेल्या पेनने दुरुस्त करा.